भिंत नसलेला तुरुंग

तुरुंग म्हटला की उंच भिंत, लोखंडी दार आणि बंदूकधारी पहारेकरी डोळ्यांसमोर येतात. पण सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ एक वेगळाच तुरुंग आहे. त्याचे नाव स्वतंत्रपूर! त्याला भिंत नाही. येथे कैदी शेती करतात आणि बायकामुलांसह राहतात. त्यांत खुनासाठी जन्मठेप झालेलेही असतात.

ही वसाहत १९३९ साली औंध संस्थानात सुरू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या राज्यात मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे अभियंता काम करीत होते. कैद्यांना कोंडून ठेवण्यापेक्षा त्यांना जमीन द्यावी आणि त्यांच्यावर विश्वास टाकावा, असे त्यांचे म्हणणे होते. राजांनी ते मानले.

येथे कोणालाही थेट पाठवत नाहीत. बंद कारागृहात शिक्षेचा काही काळ काढलेल्या, चांगल्या वागणुकीच्या कैद्यांचीच निवड होते.

अशा माणसाचा येथला पहिला दिवस कसा असेल? इतकी वर्षे रोज संध्याकाळी गिनती व्हायची आणि बराकीला बाहेरून कुलूप लागायचे. येथेही हजेरी असतेच. पण रात्री दाराची कडी तो स्वतः आतून लावतो. सकाळी नांगर, बैल, पाण्याची पाळी. संध्याकाळी चुलीवरची भाकरी आणि समोर आपले मूल. ते मूल वडिलांना फक्त भेटीच्या दिवशी ओळखत होते. आता त्याचा हट्ट पुरवायचा, त्याला शाळेत धाडायचे, हे सारे नव्याने शिकावे लागते.

पळून जाणे कठीण नाही. पण पळाला की हे सारे गेले, आणि पुन्हा बंद कारागृह. येथे भिंतीचे काम घरच करते.

याच वसाहतीवरून व्ही. शांताराम यांना ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट सुचला. तो १९५७ साली आला. कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, तेही आटपाडी तालुक्यातलेच. एक जेलर आणि सहा कैदी यांची ती गोष्ट बर्लिनच्या महोत्सवातही गौरवली गेली.

ज्याच्या घरचा माणूस गुन्ह्यात गेला, त्याला हे सारे सौम्य वाटेल. ते दुःख खरेच आहे. पण बहुतेक कैदी एक ना एक दिवस सुटून आपल्याच गावात परत येतात. तेव्हा तो कुलपाची सवय झालेला माणूस असावा, की घर सांभाळायला शिकलेला?