सेवेसोचा डायऑक्सिन आणि नवजातांची थायरॉइड ग्रंथी

गर्भाची थायरॉइड ग्रंथी पहिल्या तिमाहीतच आकार घेऊ लागत असली, तरी गरोदरपणाच्या मध्यापर्यंत ती स्वतःच्या बळावर पुरेसे संप्रेरक तयार करू शकत नाही. तोवर मेंदूच्या जडणघडणीला लागणारे थायरॉक्सिन वारेतून, म्हणजे आईच्याच रक्तातून, पुरवले जाते. आईच्या शरीरात साठलेली रसायने या पुरवठ्यात किंवा बाळाच्या ग्रंथीच्या घडणीत ढवळाढवळ करू शकतात, हा संशय जुनाच आहे. मात्र माणसांमध्ये तो पडताळण्याची सोय इटलीतील एका अपघाताने करून दिली.

१० जुलै १९७६ रोजी मिलानजवळील मेडा येथील इक्मेसा कारखान्यात ट्रायक्लोरोफिनॉल बनवणाऱ्या पात्राचे तापमान आटोक्याबाहेर गेले आणि डायऑक्सिनमिश्रित वाफेचा ढग शेजारच्या सेवेसो गावावर पसरला. डायऑक्सिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, चरबीत मात्र सहज मुरते, आणि शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सात ते दहा वर्षे लागतात. म्हणजे त्या वेळी शाळकरी असलेली मुलगी पुढे आई होताना तो वारसा बरोबर घेऊनच गरोदर राहत होती.

आंद्रेआ बाकारेल्ली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९४ ते २००५ या काळात जन्मलेल्या मुलांच्या टीएसएचच्या नोंदी तपासल्या. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे, मेंदूतळाच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारे संप्रेरक. ते वाढलेले दिसले, की थायरॉइड कमी पडत असावी असे समजले जाते. इटलीत ही चाचणी प्रत्येक नवजाताच्या टाचेतून घेतलेल्या रक्तावर होतेच, त्यामुळे नोंदी आयत्या उपलब्ध होत्या. टीएसएच ५ एककांहून अधिक असलेल्या बाळांचे प्रमाण प्रदूषणाबाहेरच्या परिसरात २.८ टक्के, मध्यम प्रदूषित ब विभागात ४.९ टक्के, तर सर्वाधिक प्रदूषित अ विभागात १६.१ टक्के आढळले.

अ विभागातील बाळे जेमतेम ५६ होती, आणि ५ ही मर्यादा जन्मजात थायरॉइडविकाराच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या मर्यादेपेक्षा बरीच खालची आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून ही मुले आजारी ठरत नाहीत. तरीही प्रदूषणाच्या पायरीगणिक चढत गेलेले हे आकडे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे, विशेषतः आईच्या रक्तातील डायऑक्सिनच्या प्रमाणाशीही बाळाच्या टीएसएचचा संबंध जुळला असताना. प्राण्यांवरील प्रयोगांत डायऑक्सिन यकृतातील विकरांना चेतवून थायरॉक्सिनचा निचरा वाढवते, असे दिसले आहे; परंतु हीच यंत्रणा सेवेसोच्या बाळांतही काम करत होती काय, हे टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून सांगता येत नाही.