विश्लेषण : लाखमोलाचे कार्बन सिरॅमिक ब्रेक ट्रॅकवर न्यायला मालक का कचरतात?

पोर्शेच्या ९११ जीटी३ या स्पोर्ट्स कारला कार्बन सिरॅमिक ब्रेक हवे असतील, तर अमेरिकेतील ग्राहकाला गाडीच्या किमतीवर सुमारे नऊ हजार डॉलर किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. जे सर्वांत महाग ते ट्रॅकसाठी सर्वांत चांगले, असा अनेकांचा समज असतो. मात्र याच ९११ वर बेतलेल्या जीटी३ कप या रेसकारमध्ये पोर्शे धातूच्याच डिस्क बसवते. नियमित ट्रॅकवर जाणारे काही मालक तर सिरॅमिक डिस्क काढून घरी जपून ठेवतात आणि बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या डिस्क लावतात. असे का?

ट्रॅकवर ब्रेकची परीक्षा कशी होते?

ब्रेकचे काम गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलण्याचे. दीड टनाची गाडी ताशी २५० किलोमीटरवरून ८० किलोमीटरवर आणली, तर सुमारे ३२ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. इतक्या उष्णतेत साधारण दहा लिटर पाण्याला उकळी फुटेल. हवेचा अडथळा वगळता हा सारा भार ब्रेकवर येतो, तोही काही सेकंदांत. ग्रेटर नोएडातील ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या शेवटी जोरदार ब्रेक लावावा लागतो. महामार्गावर असा प्रसंग क्वचित येतो आणि नंतर डिस्क थंड व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर तो प्रत्येक फेरीत अनेकदा येतो.

ही डिस्क कशापासून बनते?

कार्बनच्या तंतूंचे बारीक तुकडे राळेत मिसळून साच्यात दाबले जातात. हा साचा हवाविरहित भट्टीत तापवला की राळेचे कार्बन होते आणि डिस्क सच्छिद्र बनते. त्यानंतर वितळलेले सिलिकॉन त्या छिद्रांत मुरवतात. सिलिकॉन १,४१४ अंश सेल्सिअसला वितळते, यावरून भट्टीच्या तापमानाची कल्पना यावी. सिलिकॉन आणि कार्बन यांच्या संयोगातून सिलिकॉन कार्बाइड हे अतिशय कठीण सिरॅमिक तयार होते. ही प्रक्रिया वेळखाऊ असल्यानेच डिस्क महाग पडते. फॉर्म्युला वनमधील कार्बन-कार्बन ब्रेक वेगळे. ते थंड असताना नीट पकडत नाहीत, त्यामुळे रस्त्यावर निरुपयोगी ठरतात. कार्बन सिरॅमिक डिस्क मात्र थंड असतानाही काम करते. पोर्शेने २००१ मध्ये ९११ जीटी२ मध्ये ती दिली, तर फेरारीने २००२ च्या एन्झोमध्ये.

फायदा नेमका काय?

पहिला फायदा वजनाचा. बिडाच्या डिस्कच्या तुलनेत तिचे वजन जवळपास निम्मे असते. हे वजन सस्पेन्शनच्या खाली, चाकासोबत वर-खाली होणारे असल्याने ते घटले की चाक रस्त्याला अधिक चांगले चिकटून राहते. डिस्क गंजत नाही, ब्रेकची काळी भुकटी कमी पडते आणि तापल्यावरही पकड टिकते. मात्र एकदाच करकचून ब्रेक लावला, तर गाडी फार लवकर थांबेल असे नाही. तिथे मर्यादा टायरची असते. चाक लॉक करण्याइतकी ताकद चांगल्या बिडाच्या ब्रेकमध्येही असते.

मग ट्रॅकवर अडचण कुठे येते?

डिस्कचे वजन निम्मे झाले, पण दर किलोमागे उष्णता साठवण्याची क्षमता काही दुप्पट झाली नाही. त्यामुळे तेवढ्याच ब्रेकिंगमध्ये सिरॅमिक डिस्क जास्त तापते. सुमारे ५०० अंशांच्या पुढे कार्बनचे तंतू हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू जळू लागतात. बिडाची डिस्क झिजून पातळ होते, सिरॅमिक डिस्क मात्र जाडी फारशी न घटताही आतून हलकी होत जाते. म्हणून तिच्यावर किमान वजनाचा आकडा कोरलेला असतो. वजन त्याखाली गेले, की डिस्क बदलायची. शिवाय ती ठिसूळ असते. चाक काढता-बसवताना रिम आपटली किंवा गाडी खडीत घुसून दगड लागला, तर कडेचा टवका उडू शकतो. रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकणारी डिस्क ट्रॅकवर बरीच लवकर संपते ती यामुळे.

ब्रेक दगा देतात, ते डिस्कमुळेच का?

अनेकदा दोष डिस्कचा नसतो. डिस्कची उष्णता पॅड आणि कॅलिपरमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि तसे झाल्यावर मानकाने ठरवलेली मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल थेट तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. लाखो रुपयांची डिस्क असूनही जुने ऑइल जिवावर बेतू शकते.

मग निवड कशी करावी?

गाडी मुख्यतः रस्त्यावर चालणार असेल आणि वर्षातून एखाद-दुसरा ट्रॅक डे असेल, तर सिरॅमिक ब्रेक उत्तम. दर महिन्याला ट्रॅकवर जाणार असाल, तर बिडाच्या डिस्क आणि ट्रॅकचे पॅड हा व्यवहार्य मार्ग. त्या झिजल्या तरी कमी खर्चात बदलता येतात. डिस्क बदलताना तिला मानवणारे पॅडही बदलावे लागतात, हे विसरू नये. ब्रेक कोणतेही असोत, ट्रॅकवर जाण्याआधी ऑइल नवे भरावे, शेवटची फेरी ब्रेक न तापवता संथपणे मारावी आणि घरी परतण्यापूर्वी तपासणी करावी. सिरॅमिक ब्रेकची सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी तर डिस्कची जाडी पाहून समाधान मानू नये. ती काढून तिचे वजन करायला सांगावे. चारही डिस्क बदलण्याची वेळ आली, तर स्वस्तात मिळालेल्या गाडीचा सौदा महागात पडू शकतो.