पंढरीचं दार कुणी उघडलं?

‘वारीत कुठली आली जात?’ पंढरपूरचा विषय निघाला की सोलापूरकडे हे वाक्य हमखास ऐकू येतं. ऐकायला गोड वाटतं, पण ते पूर्ण खरं नाही. संत चोखामेळा, म्हणजे चोखोबा, आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. त्यांचे अभंग कीर्तनातून रंगत राहिले, त्यांची समाधी मात्र विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. १९४७ पर्यंत त्यांच्यासारख्या अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या वारकऱ्याची वारीही तिथेच संपायची. शंभर कोस चालून आलेल्या माणसाने कळसालाच हात जोडायचे आणि परत फिरायचं.

दुसरा समज शाळेच्या पुस्तकातून येतो: साने गुरुजी उपोषणाला बसले आणि दार उघडलं. १ मे १९४७ रोजी चंद्रभागेकाठच्या तनपुरे महाराजांच्या मठात ते बसले, हे खरं. पण त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडत होते. उपोषणाचा विचार १९४६ च्या कार्तिकी एकादशीचाच होता. आधी लोकांना विचारू, त्यांना तयार करू, असा आग्रह सहकाऱ्यांनी धरला आणि गुरुजींनी तो मानला. मग सेनापती बापट सोबत, राष्ट्र सेवा दलाची कलापथकं सोबत, गावोगाव सभा. या दौऱ्यातच कितीतरी गावांनी आपल्या विहिरी आणि देवळं खुली केली. मला हा भाग उपोषणापेक्षा मोठा वाटतो, आणि नेमका तोच आपण मुलांना सांगत नाही. अमेरिकेतही असंच झालं. रोझा पार्क्स म्हणजे बसमधली जागा सोडायला नकार देणारी, शिवणकाम करून दमलेली बाई, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. प्रत्यक्षात त्या नागरी हक्कांच्या संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्या होत्या, आणि माँटगोमेरीतली काळी माणसं त्यानंतर ३८१ दिवस बसमध्ये चढली नाहीत.

गांधीजींच्या आशीर्वादाने हे घडलं, असंही म्हणतात. उलट, त्यांच्यापर्यंत वेगळी माहिती पोचली होती आणि उपोषण सोडण्याची त्यांची तार आली होती. गांधीजींना दैवत मानणाऱ्या गुरुजींनी ती मानली नाही. त्या मठात त्यांच्या जिवाची किती घालमेल झाली असेल! दहा दिवसांनी, दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीने मंदिराची वंशपरंपरागत पुजारी असलेली बडवे मंडळी राजी झाली, तेव्हाच उपोषण सुटलं.

‘देवळात जाऊन पोट भरतं का?’ हा प्रश्न आजही विचारला जातो. मंदिरप्रवेशाने सगळे प्रश्न सुटणार नाहीत, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहातच स्पष्ट केलं होतं. मागणी माणूस म्हणून बरोबरीच्या हक्काची होती. तो हक्क मिळत नाही हे पाहून १९३५ मध्ये येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे पंढरपूरचं दार उघडलं, तोवर समाजाचा मोठा भाग त्या दाराकडे पाठ फिरवून निघालेला होता. हा उशीर विसरून चालणार नाही.

आणि १९४७ मध्ये सगळं मिटलं, हेही खरं नाही. दर्शन खुलं झालं, पण गाभाऱ्यावरचा बडव्यांचा वंशपरंपरेचा हक्क तसाच राहिला. तो काढून घेणारा कायदा १९७३ चा. त्यावरची कोर्टकज्जांची मालिका सर्वोच्च न्यायालयात २०१४ च्या जानेवारीत संपली. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले.