कुंपण कोठें घालावें?

एकत्र कुटुंबांतून एक भाऊ विभक्त झाला, म्हणजे शेतेंभातें व भांडींकुंडीं यांची वांटणी पंच करून देतात. परंतु ज्या सामाईक चौकांत दोघांचींही दारें उघडतात त्याचें काय करावें, येथें पंचांची मति कुंठित होते. राष्ट्रांचेंही असेंच आहे. २३ जून २०१६ रोजीं ब्रिटनमध्यें सार्वमत झालें, शेंकडा ५१.९ मतें युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूनें पडलीं, व ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन विभक्त झालें. या वांटणींतील सामाईक चौक म्हणजे आयर्लंडचें बेट होय.

या बेटाचे १९२१ सालीं दोन भाग झाले. उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनच्या राज्यांत राहिले. उरलेले सव्वीस आयरिश लोकांच्या हातीं आले. १ एप्रिल १९२३ पासून दोहोंमध्यें जकातीचीं नाकीं बसलीं. सुमारें ५०० किलोमीटर लांबीची ही रेषा मुख्यतः जुन्या परगण्यांच्या हद्दींवरून गेलेली आहे. त्यामुळें ती कोणाचें शेत दुभागते, तर कोठें वस्ती. पेटिगो येथील लहानशा नदीचा एक कांठ एका राज्यांत, तर दुसरा दुसऱ्या. १९३२ ते १९३८ या काळांत उभय सरकारांत व्यापारी भांडण जुंपलें व ब्रिटननें आयरिश गुरांवर जबर जकात बसविली. तेव्हां तीं रात्रींच्या अंधारांत सीमेपलीकडे हांकून नेण्याचा धंदा तेजींत आला. नाकें आलें कीं त्याच्यामागून चोरवाट येते, हा अनुभव सर्व देशांचा आहे.

१ जानेवारी १९७३ रोजीं ब्रिटन व आयर्लंड हीं दोन्ही राष्ट्रें एकाच दिवशीं युरोपीय समूहांत सामील झालीं, आणि १९९३ च्या आरंभीं सामाईक बाजारपेठ पूर्ण होतांच जकातीचीं नाकीं उठलीं. परंतु मधला काळ रक्तरंजित होता. उत्तर आयर्लंडमध्यें ब्रिटननिष्ठ व आयर्लंडनिष्ठ यांचा कलह तीस वर्षें धुमसत राहिला; साडेतीन हजारांहून अधिक माणसें मेलीं. सीमेवर सैनिकांचे मनोरे उभे राहिले, कित्येक रस्ते सुरुंगांनीं फोडण्यांत आले. ऑगस्ट १९७२ मध्यें न्यूरी येथील जकातघरांत बाँबचा स्फोट होऊन नऊ माणसें ठार झालीं. त्यांत जकातीचे साधे नोकरही होते. १० एप्रिल १९९८ रोजीं तह झाल्यावर हळूहळू मनोरे उतरले. आतां रस्त्यावरील वेगमर्यादेची पाटी मैलांऐवजीं किलोमीटर दाखवूं लागली, म्हणजे राज्य बदललें असें समजावयाचें, इतकीच त्या सीमेची खूण उरली.

मग पुन्हां तपासणीचा प्रश्न कां यावा? याचें उत्तर पुरातन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शुल्काध्यक्ष नामक अधिकारी सांगितला असून, व्यापारी कोठून आला, माल किती व त्यावर मुद्रा कोठें उठली, याची नोंद त्याच्या शुल्कशाळेंत ठेवावयाची असे. एका घरांत राहणाऱ्यांस हे प्रश्न कोणी विचारीत नाहीं. कारण त्यांची जकात एक, व धान्य, मांस, औषध यांचे नियमही एक. जो वेगळा झाला तो उद्यां निराळा नियम करूं शकतो, किंबहुना त्यासाठींच तो वेगळा झालेला असतो. तेव्हां त्याच्या दारांतून आलेला माल कोठें तरी पाहिला गेलाच पाहिजे.

परंतु आयर्लंडमध्यें पाहावयाचा कोठें? दोहों भागांस जोडणारे रस्ते दोनशेंहून अधिक. उत्तरेकडील गाईंचें पुष्कळसें दूध दक्षिणेकडील कारखान्यांत लोणी व चीज होण्यासाठीं जातें. शिवाय तेथें पुन्हां जकातघर उभारणें म्हणजे जुन्या जखमेवरची खपली काढणें, हें दोन्ही पक्ष जाणून होते. म्हणून कुंपण जमिनीवरून उचलून समुद्रांत नेलें. उत्तर आयर्लंडनें मालाच्या बाबतींत युरोपीय नियम पाळावे व ब्रिटनहून येणाऱ्या मालाची तपासणी बेल्फास्ट, लार्न इत्यादि बंदरांत व्हावी, अशी व्यवस्था १ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली.

याचा परिणाम असा कीं, स्कॉटलंडमधील बियाण्याचा बटाटा आपल्याच राज्यांतील पलीकडच्या किनाऱ्यावर उतरविणें शेतकऱ्यास अशक्य झालें. देशांतल्या देशांत नाकें कशाला, असें म्हणून ब्रिटननिष्ठ मंडळी संतापलीं. त्यांच्या प्रमुख पक्षानें अंग काढून घेतल्यानें फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षें बेल्फास्टचें मंत्रिमंडळ बंद पडलें. फेब्रुवारी २०२३ मध्यें विंडसर येथें तडजोड होऊन मालाच्या दोन वाटा केल्या: उत्तरेंतच खपणाऱ्या मालास सुलभ हिरवी, व पुढें दक्षिणेकडे जाण्याचा संभव असलेल्या मालास कडक तांबडी. बटाट्याच्या बियाण्यासही मार्ग मोकळा झाला. तरीही १० डिसेंबर २०२४ रोजीं बेल्फास्टच्या विधिमंडळांत ही व्यवस्था ४८ विरुद्ध ३६ मतांनीं पुढें चालू राहिली, तेव्हां ब्रिटननिष्ठांपैकीं एकाचेंही मत तिच्या बाजूनें नव्हतें.

विभक्त होण्याचा अधिकार कोणासही आहे. त्याचें समर्थन वा निषेध करणें हा या लेखाचा हेतु नाहीं. परंतु विभक्त झालों तरी कुंपण नको, असें म्हणतां येत नाहीं. तें फार तर एका जागेवरून दुसऱ्या जागीं हलवितां येतें, आणि ज्याच्या अंगणांत तें पडतें त्यास तें सोसावें लागतें. २०१६ च्या सार्वमतांत उत्तर आयर्लंडमधील शेंकडा ५५.८ मतें संघांत राहण्याच्या बाजूनें होतीं. तरी कुंपण आलें तें त्याच्याच वांट्याला. वांटणीचा कागद लिहितांना मोठ्या दालनांचा विचार सर्वच करतात. सामाईक चौकाचा विचार मात्र आधीं करावा. कारण पुढच्या पिढीचीं भांडणें, व समेटही, तेथेंच व्हावयाचे असतात.