दोन चाचणी खड्ड्यांच्या मध्ये

कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजनेची आखणी 23.66 टीएमसीची. पहिल्या टप्प्यात पाणी मात्र 7 टीएमसीच. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपापुढे संकल्पचित्राचं काही चालत नाही. असा बदल आला की एकच हिशेब उरतो: नंतर वाढवता येईल ते काय? पंप वाढवता येतात, बोगदा रुंद करता येत नाही.

पण परंडा तालुक्यात कालव्याच्या खोदाईवर उभं राहिलं की दिसतात ते बदल वेगळे, हातभर खोलीचे. ठरावीक अंतरावर चाचणी खड्डे घेतलेले असतात. लगतच्या दोन्हींत मुरूम लागला की मधेही मुरूमच धरायचा. मग मधल्याच साखळीवर, म्हणजे अंतराच्या खुणेवर, पोकलेनच्या बकेटमध्ये चिकट काळी माती येते आणि सगळे खाली वाकून बघायला लागतात.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेलं काँक्रीटचं अस्तर तडकणारच. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींनी दाखवलेला उपाय आता रुळलाय: जादा खोदायचं आणि न फुगणाऱ्या, चिकटपणा असलेल्या मुरमाचा थर दाबून बसवायचा. साइटवर त्याला नुसतं ‘सीएनएस’ म्हणतात. नकाशात ती एक जादा रेघ. प्रत्यक्षात मुरूम चाचणीत पास व्हावा लागतो, पास झालेली खाण लांब निघते, ‘लीड’, म्हणजे वाहतुकीचं अंतर, वाढतं आणि दर बदलतो.

परिमाण निविदेच्या सव्वाशे टक्क्यांपुढे गेलं तर करारातलं क्लॉज 38, बाबच नवी असेल तर ईआयआरएल, म्हणजे जादा बाबींची दरयादी. प्रस्ताव शाखेतून उपविभाग, विभाग, मंडळ असा चढत जातो. इकडे पोकलेनचं भाडं चालू. “साहेब, तुम्ही नुसतं हो म्हणा, कागद मागनं होतील,” ठेकेदाराचा माणूस म्हणतो. त्याचंही खोटं नसतं. पाऊस आला तर खोदलेला तळ वाया जातो.

सगळं अडतं ते शाखा अभियंत्याच्या एका कामावर, आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही. मुरूम पडण्याआधी उघड्या तळाच्या लेव्हल घ्यायच्या, फोटो काढायचे, दोन्ही बाजूंच्या सह्या लेव्हल बुकात त्याच दिवशी. रोलर फिरल्यावर खाली माती किती काढली होती, हे शपथेवर सांगूनही बिलात धरलं जात नाही. मग ते भांडण लवादापर्यंत जातं, आणि तोवर साहेबांची बदली झालेली असते.