ट्रॉलीचा पावसाळा

श्रीगोंद्याकडे गळीत हंगाम आटोपला की उसाची ट्रॉली बांधाला लागते, ती थेट दिवाळीपर्यंत. उन्हाने टायर तडकतात. म्हणून आधी पाचट झाडून ट्रॉली धुवावी. उसाचा चिकटा राहिला तर पत्रा गंजतो. जागा मुरमाड बघावी, काळ्या रानात ठोकळे खचतात. चाकांना उटी लावून, जॅकने उचलून आसाखाली रुंद लाकडी ठोकळे द्यावेत. तोंड जरा उंच असले म्हणजे पाणी मागून निघून जाते. सावलीला पोरे खाली शिरतात, ते मात्र होऊ देऊ नका. गुरुजींनीही शाळेत बजावावे. जुंपण्यापूर्वी बेअरिंगला ग्रीस द्या, चाकांचे नट आवळा, मागची तांबडी चकाकती पट्टी पुसा. अंधारात रस्त्यावर उभी ट्रॉली मागच्याला दिसतच नाही.