धूर, भय आणि आशा

देवनारच्या उकिरड्यावर मुंबईचा केरकचरा १९२७ पासून पडूं लागला. जानेवारी २०१६ मध्यें तेथें लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनींही टिपिला, आणि आसपासच्या शाळा कांहीं दिवस बंद ठेवाव्या लागल्या. घरोघर भय होतें, आणि तें अनाठायीं नव्हतें. परंतु भय मनुष्यास खिडकी लावावयास सांगतें. धुराचें कारण शोधावयास सांगत नाहीं.

तें कारण बव्हंशीं आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. भाजीचे देठ, फळांच्या साली, उरलेलें अन्न हीं ढिगाखालीं दडपलीं, म्हणजे हवेवांचून कुजतात व त्यांतून मिथेन वायु निघतो. तो पेट घेतो. शिवाय वातावरणांत मिसळला, म्हणजे २० वर्षांच्या मुदतींत कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें ८० पट उष्णता कोंडून ठेवितो. तोच ओला कचरा हवेशीर खड्ड्यांत टाकून मधून मधून खालवर केला, तर त्याचें खत होतें व मिथेन फारच थोडा निघतो.

पृथ्वी तापत आहे, हें ऐकून कोवळीं मनें खचतात. आमच्या एका टोपलीनें काय होणार, असें मुलें विचारतात. प्रश्न रास्त आहे. महानगरपालिकेनें ओलासुका कचरा वेगळा उचलला नाहीं, तर घरच्या मेहनतीचें चीज होत नाहीं. तेव्हां पालकांनीं तेथेंही तगादा लावावा. सर्व कांहीं आपोआप ठीक होईल, या समजुतीस आम्ही आशा म्हणत नाहीं. मिथेन हवेंत सुमारें १२ वर्षेंच टिकतो. आज तो कमी केला, तर त्याचा गुण आज वर्गांत बसलेल्या मुलांस स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येईल.